पॅकेजांचा तंटा

३ नोव्हेंबर, सोमवार
जवळा बाजारात ऑनलाइन फॉर्म भरणारे आमी तिघं. लिनक्सवर, म्हंजे फुकटच्या सिस्टीमवर, चालणारं दुकान एकच, माझं. बाकीचे चोरीचं विंडोज वापरतात. मी तसला माणूस न्हाई. आज लिनक्सचं नवीन व्हर्जन टाकायला घेतलं. रागिणीचा आरोग्यसेविकेचा फॉर्म भरायचाय. बारा तारीख शेवटची, अन् वयाच्या अटीत तिचा हा शेवटचाच चान्स. म्हणली, आधी माझा फॉर्म भरा, मग कॉम्प्युटरचं बघा. बायकोचा फॉर्म जुन्या सिस्टीमवर भरू का? तासाभराचं तर काम.

४ नोव्हेंबर, सकाळी ११
अपडेट अडकलं. स्कॅनरच्या पॅकेजला, म्हंजे प्रोग्रामला, एक लायब्ररी, दोघांच्या सामाईक कामाची फाइल, जुनीच पायजे, ब्राउझरला तीच नवी. दोघं हटून बसलेत. हसूच आलं. मी सहा वर्षं तंटामुक्ती समितीवर आहे. मसाजी अन् त्याच्या भावाचा शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा वाद मीच मिटवला. ते अजून एकमेकांशी बोलत न्हाईत, पण भांडतही न्हाईत.

६ नोव्हेंबर
समितीच्या रिवाजानं निवाडा केला: दोघांचंही थोडं थोडं ऐकायचं. जुनी लायब्ररी ठेवली, तिच्याच उरावर नवी जबरदस्तीनं बसवली. कॉम्प्युटरनं तीनदा इशारा दिला. समितीपुढं पण लोक आधी ओरडतातच.
संध्याकाळी रागिणीनं विचारलं, फॉर्म झाला का? म्हणलं, होऊन राहिला.

८ नोव्हेंबर, दुपारी
स्क्रीनवर ही लांबलचक यादी. एवढी पॅकेजं काढावी लागतील, हो का न्हाई? कुणी तोंड उघडून मागितलं तर न्हाई म्हणायची आपल्यात पद्धत न्हाई. हो दाबलं.
ब्राउझर गेला. वायफाय गेलं. डेस्कटॉप गेला. नुसता काळा पडदा.
दगा! ज्या सिस्टीमपायी गावभर वाद घातले, तिनंच घात केला. मोबाइलवरून लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. एक शहाणा म्हणतो, यादी वाचली नव्हती का? आपलेच लोक फितूर.
रागिणीनं विचारलं. ऐंशी टक्के झालं म्हणलं.

१० नोव्हेंबर
सगळं पुसून नव्यानं टाकलं. आता ब्राउझर खूश, स्कॅनर रुसलेला. स्कॅनशिवाय फॉर्म पुढं सरकत न्हाई. रागिणीला म्हणलं, पंच्याऐंशी टक्के.

१२ नोव्हेंबर, दुपारी ४
स्कॅनर चालू झाला! ब्राउझर बंद पडला. समोर शिवहारच्या विंडोजवाल्या सेंटरवर माझ्याच गिऱ्हाइकांची रांग. त्यात मसाजी अन् त्याचा भाऊ, दोघं सोबत, हसून बोलून राहिले. नमकहराम.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
घरी येऊन रागिणीपुढं सगळं कबूल केलं. बोलताना रडू फुटलं. तुझी नोकरी मी घालवली म्हणलं.
तिनं भाजी ढवळता ढवळता फळीवरची पिशवी दाखवली. आत पावती. फॉर्म भरलेला. शिवहारच्या दुकानातून. तारीख तीन नोव्हेंबर.
कॉम्प्युटरचा दगा एकवेळ सहन होईल, पण हा? माझ्या घरातून? मी विचारलं, मग रोज संध्याकाळी झालं का, झालं का, काहून विचारत होतीस?
म्हणली, न्हाई विचारलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं.