कोणालाही न दुखावणारा कंपायलर

५ एप्रिल, सकाळी

आजपासून कंपायलर. कंपनीने आमची पूर्ण टीम काढून टाकली त्याला बरेच महिने झाले. लोक विचारतात तेव्हा मी ब्रेक घेतलाय म्हणतो. काल मानसचा फोन होता. कॉलेजचा दोस्त, आता इथे इंदूरच्या बायपासवरच्या एका प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. म्हणाला, भिया, आमच्याकडे कंपायलर डिझाइन शिकवायला कोणी नाही. जूनच्या शेवटी डेमो लेक्चर दे, बाकी सब जम जाएगा.

ह्या विषयात मी पास झालो होतो. कसा, ते आठवत नाही. पण पुस्तक वाचून शिकवणारे पुष्कळ आहेत. मी स्वतः एक भाषा आणि तिचा कंपायलर बनवून नेणार. लिहिलेलं मशिनला कळेल असं करून देणारा दुभाष्या, बस. त्यात काय एवढं.

रमाला बँकेने प्रमोशन दिलंय, पण जबलपूरला. ह्या आठवड्यात हो-नाही कळवायचंय. मी म्हटलं, नाही म्हणून टाक, माझी नोकरी झाली समज. ती बरं म्हणाली आणि पोह्यांवर शेव घालायला लागली.

८ एप्रिल

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे, आंघोळ करून टेबलाशी बसणे. आज नऊला उठलो. आंघोळ केली. म्हणजे अर्धा संकल्प झाला.

भाषेचं नाव राजवाडा. कंपायलरमध्ये एकावर एक टप्पे असतात, राजवाड्याचे मजले असतात तसे. लोगो करून ठेवला. शमिका म्हणाली, बाबा, कुल्फीच्या दुकानाचा वाटतो. मुलगी आताच दहावी झालीये, तिला काय समजतं.

१९ एप्रिल

पहिला मजला तयार! ओळीतले शब्द सुटे करायचे, मेथी निवडतात तसे. रमाला दाखवलं. छान म्हणाली आणि विचारलं, सिलेंडरचा नंबर लावलास का. नव्हता लावला.

२ मे, दुपारी

दुसरा मजला पार्सरचा. सुटे शब्द परत जोडून वाक्याचं झाड बनवायचं. झाड उलटं, मूळ वर. कोणी ठरवलं कोण जाणे. दुपारभर त्या झाडाकडे पाहत बसलो. पंखा फिरत होता. काही वाटलं नाही. भूकही नाही.

बोर्ड नसल्यामुळे विचार होत नाही. उद्या सियागंजच्या बाजारात जाऊन मोठा व्हाइटबोर्ड आणणार.

७ मे

बोर्ड आणला. हॉलमध्ये मस्त दिसतो. त्यावर कोणीतरी ‘दही’ लिहून ठेवलंय. पुसलं नाही. आणलंही नाही.

१२ मे

डोकं खराब झालं. मीच बनवलेल्या भाषेत, मीच लिहिलेला प्रोग्राम, आणि माझाच कंपायलर ओळीओळीला म्हणतो चूक. इथे कंस नाही, चूक. हा शब्द माहीत नाही, चूक. कंपनीतल्या शेवटच्या मीटिंगसारखं वाटलं. लॅपटॉप मिटून झोपलो.

१३ मे

सापडलं! इंदुरात कोणी कोणाला तोंडावर चूक म्हणतं का? रस्ता विचारला तर माहीत नसलेला माणूससुद्धा ‘बस, आगे से लेफ्ट’ सांगतो, पण नाही म्हणून परत पाठवत नाही. मग माझाच कंपायलर असा खडूस का? आता कंस नसेल तर तो स्वतः घालून घेतो. शब्द कळला नाही तर जाऊ दे म्हणतो. आणि शेवटी स्क्रीनवर येतं: ‘हो जाएगा भिया’.

एका दुपारीत सगळ्या चुका गायब. परदेशातल्या लोकांना हे कसं सुचलं नाही, नवल आहे.

३० मे

मानसला सांगितलं. गजब है भिया म्हणाला.

मशिनसाठी कोड बनवण्याचा शेवटचा मजला राहिलाय. पण डेमोत इतक्या खोलात कोणी शिरत नाही. संध्याकाळी लालबागेतल्या मेळ्यात जाऊन आलो. एकटाच. रमा कोणाशीतरी फोनवर टू-बीएचकेबद्दल बोलत होती. तिच्या मैत्रिणींची घरं बदलणं संपतच नाही.

१४ जून

शमिकाची टीसी काढली म्हणे. अकरावीला शाळा बदलायचा हल्ली ट्रेंड आहे. मी मध्ये पडत नाही.

२७ जून

डेमो झाला. लोगोला टाळ्या पडल्या. प्रोग्राम चालवला: ‘हो जाएगा भिया’. पूर्ण क्लास खूश. मग एचओडी, म्हणजे सरला मॅडम, उठल्या, त्यांनी मुद्दाम एक चुकीची ओळ टाकली. हो जाएगा भिया. मग फोनमधून बघून कँटीनचा मेसेज टाकला, ‘आज खिचडी खतम हो गई है’. हो जाएगा भिया. मुलं बाकं वाजवायला लागली. मॅडमनी विचारलं, इसका आउटपुट क्या है? मी म्हटलं, आउटपुट नेक्स्ट फेजमध्ये.

मॅडम फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, आप बहुत अच्छा बोलते हैं, हम आपको बताएँगे. चहा पाजला. झालंच समजायचं. येताना जिलेबी आणली. रमाने खाल्ली नाही, दात दुखतोय म्हणाली.

३ जुलै

मानस फोन उचलत नाहीये. ॲडमिशनचा सीझन आहे, बिझी असेल.

५ जुलै, दुपारी

मानसचा फोन आला. दुसऱ्या कोणाला घेतलं, भिया, बुरा मत मानना.

लॅपटॉप मिटला. मग रमाला सांगायला आत गेलो, की बँकेशी परत बोल, जबलपूरचं अजून होत असेल तर बघ. खोलीभर खोके होते. हे खोके आठवडाभर इथेच असावेत, मी बाजूने जात होतो. रमा म्हणाली, मी एप्रिलमध्येच हो कळवलंय, तू नाही म्हणायला सांगितलंस त्याच दिवशी. सामान उद्या जातंय.

मला राग आला. खूप दिवसांनी आला. मी ओरडलो, मग मला का नाही सांगितलंस? इतके महिने माझी गंमत बघत बसलीस?

ती सुतळी बांधत होती. म्हणाली, गंमत नाही रे. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदाच तू आंघोळ करून टेबलाशी बसायला लागला होतास. ते मोडवेना.

मी विचारलं, आणि माझं काय? म्हणाली, तुझे कपडे त्या खिडकीजवळच्या खोक्यात आहेत, काही राहिलंय का बघ.

उघडून बघितलं. काही राहिलं नव्हतं. जबलपूरच्या थंडीसाठी घड्या घातलेले स्वेटरसुद्धा होते. मला रडू आलं. बाहेरून शमिका टेप मागत होती, तो शोधून दिला.