फाटक्या कानाचं हरीण

१२ शाबान
कोपरा पार गेलाय! ख्वाजा मुजफ्फर व्यापाऱ्यांनी आज दख्खनची एक कवितांची पोथी आणली. गलबतात पाणी शिरलं आणि चित्राच्या पानाचा खालचा कोपरा कुजला. बाकी शिकारीचं चित्र शाबूत आहे. नवा कागद जोडून त्यावर उस्तादांनी गवत रंगवायचं, कडेची सोनेरी चौकट मी भरायची. उस्ताद म्हणजे माझा नवरा. सगळं शिराझ शहर तसं म्हणतं म्हणून मीही म्हणते — खूश असतात.

"गुरुवारी काफिला निघतो," ख्वाजा म्हणाले. "पोथी पुन्हा तिच्या मालकाकडे, तिकडच्या चित्रशाळेत."

१३ शाबान
सकाळी पान उजेडात धरलं आणि हातातली सोनेरी रंगाची शिंपली पडली. सोनं सांडलं तरी मी बघतच राहिले. राजाच्या घोड्यापुढे पळणारं हरीण — डाव्या कानाचं टोकच नाही!

आमचा चर्बा! सासऱ्यांनी कातड्यावर भोकं टोचून केलेला. वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटली की खाली कागदावर हरीण उमटायचं. पुढे त्याचा कान उंदराने कुरतडला. उस्ताद दर वेळी कुंचल्याने कान पुरा करायचे. आमचा मुलगा कैवान करायचा नाही.

"उंदराची चूक कागदावर उतरवतोस?"

"बाबा, लांडग्याच्या तोंडातून सुटून आलंय ते. कान गेला, जीव वाचला."

यांनी गिऱ्हाइकांसमोर त्याचं हरीण पात्याने खरवडून काढलं. दुसऱ्या दिवशी पोरगा चर्बा घेऊन निघून गेला. आठ वर्षं झाली. घरात त्याचं नाव काढायची सोय नाही.

यांना काही बोलले नाही. डोळे आहेत त्यांना.

१४ शाबान
पान पाहिलं त्यांनी. रात्री जेवले नाहीत.

१५ शाबान
ख्वाजा डोकावून गेले. सरबत देता देता मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे चित्र कुणाच्या हातचं हो?"

"नाव कोण विचारतो, बाई! तुमच्याकडचाच आहे म्हणतात. तिकडचं तिखट सोसत नाही, रोज स्वयंपाक्याशी भांडतो."

"अजून भांडतो?"

"मी निघालो तेव्हाही भांडतच होता की!"

जिवंत आहे. माझा कैवान जिवंत आहे! आत जाऊन पिठाच्या मडक्यापाशी बसून पोटभर रडले. बाहेर उस्ताद कुंचल्याचे केस कातरत बसलेले. मान म्हणून वर नाही.

१६ शाबान
ख्वाजांबरोबर त्याला निरोप धाडणार — ये म्हणून. उस्तादांना न विचारता! पण हे पानही त्याच्याच हाती पडणार. बापाने पुन्हा कान दुरुस्त केलेला दिसला, तर माझ्या निरोपावर तो कशाला विश्वास ठेवील?

आणि आज हे म्हणतात, "पान दे इकडे. दार लावून घे."

माझा तोल गेला. "आठ वर्षं तुमचं ऐकलं. त्या कानाला कुंचला लागला तर माझ्या हातचं जेवण विसरा!"

"तू तुझी चौकट बघ. वरची रेघ वाकडी गेलीय."

काय हा माणूस! रेघ खरंच वाकडी होती.

१७ शाबान
दिवसभर दार बंद. जेवण नको, पाणी नको, काही नको. मी बाहेर बसून सोनं घोटतेय.

१८ शाबान
काफिला गेला, माझा निरोप घेऊन. पान गुंडाळण्याआधी मी कान पाहिला — तसाच आहे. नव्या कोपऱ्यात गवत काढलंय, फार सुरेख. आणि त्या गवतात, चर्ब्यावाचून, नुसत्या हाताने काढलेलं एक म्हातारं हरीण, वाटेकडे तोंड करून बसलेलं. त्याचाही डावा कान फाटलेला.