श्वास सोडेपर्यंत थांबायचं

तीर्थरूप बाबांना, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, म्हणजे बहुतेकदा. खोली लहान असली तरी खिडकी मोठी आहे आणि माझं पोट त्या उजेडावरच आहे.

"मोबाइल असताना तुझ्याकडे फोटो काढायला कोण येणार?" असं मी घरून निघताना तुम्ही विचारलंत. मध्यंतरी मलाही तेच वाटायला लागलं होतं. मग खालची बेकरीवाली आली. म्हणाली, "सगळ्या फोटोंत मी भांडायला उभी असल्यासारखी दिसते." खरंच, कॅमेरा पाहिला की ती श्वासच रोखायची.

तेव्हा तुम्ही आठवलात. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं, की तुम्ही टेप गळ्यात टाकून त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायचात आणि त्याने श्वास सोडल्यावरच माप घ्यायचात. मी कॅमेरा मांडीवर ठेवला आणि तिला विचारलं, "तुमचा पहिला पाव कसा झाला होता?"

"दगड. नवऱ्याने तो दाराला टेकू म्हणून लावला."

ती पोटभर हसली. हसू ओसरल्यावर तिने श्वास सोडला, तेव्हा फोटो घेतला. आता तो बेकरीत गल्ल्यामागे लागलाय आणि तो बघून माणसं माझा जिना चढतायत. तेव्हा दुकानात माझ्यासाठी राखलेल्या जागी खुशाल दुसरं शिलाई मशीन बसवा.

आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही चष्मा बदललात का?

घरी आले की तुमचा फोटो काढणार आहे. पोट आत ओढलंत तरी चालेल, मी थांबेन.

तुमची,
धाकटी