माझ्या फोटोचा हार

आई,

तुझ्या पायाला हात लावून सांगतो, मी बरा हाय. लेहला थंडी लई, पण नवे जाड मोजे मिळालेत आणि रसदीचा ट्रक चालवताना इंजिनाची ऊब असते. तुझा गुडघा कसा हाय?

फोनवर रडशील, म्हणून लिहितो. आमच्या युनिटमधला एक जण सुट्टीवरून येताना साईनाथदादाच्या कुंभिवलीच्या हॉटेलात जेवला. भिंतीवर वर्दीतला माझा फोटो आणि त्याला झेंडूचा हार. गिऱ्हाईकं हात जोडून मग जेवायला बसतात म्हणे. एका बाईनं विचारलं, "कुठं शहीद झाले?" दादानं नुसती मान खाली घातली.

मागच्या सुट्टीत दादा मला हॉटेलात येऊच देत नव्हता. "तू घरी आराम कर रं," म्हणायचा. मला वाटलं, भावाची माया.

दादाला धंदा करायचाय, आणि जित्या ड्रायव्हरला कोण हात जोडतो? पण गल्ल्यावर तर तू बसतेस ना गं. सुकलेला हार रोज कोण बदलतं?

गणपतीला सुट्टी मंजूर झालीय. येऊ का नको, तेवढं कळव.

तुझा,
कल्पेश