गाळणी, टोपी आणि दुसरी सीट

मी, मच्छिंद्र सहादेव टकले, वय ६७, धंदा शेती, रा. काष्टी, ता. श्रीगोंदा, जि. अहिल्यानगर, कोणाच्याही दडपणाशिवाय या मृत्युपत्रात लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यांनी तो विमान बघण्याआधी दिला. हे विमान मी नऊ वर्षे खपून शेडमध्ये बांधले असून उद्या सकाळी माळावरून पहिल्यांदा उडवणार आहे.

१. घर, तीन एकर आणि बँकेतली ठेव पत्नी पुष्पावती हिला. आम्हाला मूलबाळ नाही.

२. ट्रॅक्टरचा जुना एअर क्लीनर भंगारात घालावा. इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून तो विमानाला लावला होता. तेलासकट त्याचे वजन एवढे झाले की विमानाने नाक जमिनीला टेकवले.

३. धाकटा भाऊ अंगद यास त्याची टोपी परत. क्लीनर काढून, विमानाचा पुढचा पंखा न लावता, उघड्या तोंडाने इंजिन चालवले ही माझी चूक. पण इंजिन हवा ओढते त्या तोंडाशी वाकायला त्याला कोणी सांगितले होते? टोपी आत गेली, इंजिन ठसकून बंद पडले. तेव्हापासून "दादाच्या इमानानं माझी टोपी खाल्ली" असे तो बाजारभर सांगत फिरतो. टोपी दोनदा धुतली आहे. याउपर त्याला माझ्या इस्टेटीतला खिळाही मिळू नये.

४. गाळणीचे श्रेय पुष्पावतीचे. "मी अनारशाचं पीठ फडक्यानं गाळते, तुमी हवा गाळा की," असे म्हणून तिने जुने लुगडे दिले. मी तेलाच्या डब्याच्या पत्र्याची पेटी केली, आत लुगड्याचे तीन पदर, मागे जाळी, आणि कापड तुंबलेच तर बाजूला झडप. बाजाराच्या दिवशी, टेम्पोंची आणि बैलांची धूळ उडत असताना, तासभर इंजिन चालवले. आत कणभर धूळ नाही. मला रडू आले.

५. सही करण्याआधी पुष्पावतीने हे वाचले. ती साक्षीदार व्हायला निघाली. जिला मिळकत मिळते तिने साक्ष देऊ नये, असे मी सांगितले. "मंग मी दुसऱ्या शिटावर बसते. लुगडं माझं हाय, तुमी येकटंच कुठं निघालाय?" ती ऐकत नाही.

आता दोघांचेही बरेवाईट झाले तर कायद्याने जवळचा वारस म्हणून सगळे अंगदलाच जाणार. दुसरा वारस लिहायला स्टॅम्पपेपरवर जागा उरलेली नाही. सबब, उद्या विमान सुखरूप उतरवणे मला भाग आहे.

ठिकाण: काष्टी
दि. १५ नोव्हेंबर २०२५

सही: मच्छिंद्र सहादेव टकले

साक्षीदार:
१. सत्यशीला भोस, शेजारी
२. करण दरेकर, वेल्डर