आलिशान गाडीत नकाशा

४ जानेवारी, रविवार
गाडी घरी आली. लोक जुनी म्हणतील. मी मुरलेली म्हणतो. डॅशबोर्डवर खऱ्या अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. ही गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, बाकी ठीक आहे, पण कशाला?

हिला मुद्दा कळत नाही. कन्या पहिल्या बाळंतपणासाठी आपल्याकडे आली आहे. जावईबापू परगावी नोकरीला. सुटी मिळेल तेव्हा येणार. म्हणजे कन्येला हॉस्पिटलात नेणं आणि नातवंडाला घरी आणणं ही जबाबदारी माझी. ती काय टॅक्सीने पार पाडू?

एकच उणीव. गाडीत कॅसेटचा स्टिरिओ आहे. तो काढून तिथे मोठा स्क्रीन बसवायचा. नेव्हिगेशनवाला. डॉक्टरांनी फेब्रुवारीअखेरची तारीख दिली आहे. वेळच वेळ.

१० जानेवारी
स्क्रीन आला. खोक्यावरचा माणूस फार समाधानी दिसतो.

हिचं म्हणणं, हॉस्पिटल बाजाराच्या पलीकडे आहे, कन्या स्वतः तिथेच जन्मली, तेव्हा तुम्हाला नकाशा लागला नव्हता. मी म्हटलं, रस्ते बदलतात. कन्या म्हणाली, बाबा, फोनवर नकाशा फुकट मिळतो. यावर माझं उत्तर असं, की फोन खिशात असतो आणि स्क्रीन गाडीत असतो, आणि हा फरक ज्याला कळतो त्यालाच अशी गाडी शोभते. (उत्तर आत्ता सुचलं. दोघी झोपल्यात.)

फिटिंगला माणूस बोलवा, हेही दोघींचं सांगून झालं. विमा कंपनीत अपघाताच्या गाड्यांचे क्लेम मी तपासतो. गाडीचा एकेक भाग नावासकट पाठ आहे. उद्या सकाळी सुरू, जेवणापर्यंत खलास.

११ जानेवारी, रविवार
सुरू केलं नाही. गाडीचे स्क्रू चांदणीच्या आकाराचे निघाले. तसा स्क्रूड्रायव्हर घरात नाही. यात गाडीचा दोष नाही, घराचा आहे.

१८ जानेवारी, रविवार
लाकडी पट्टी निघाली. दोन तुकड्यांत. व्हिडिओत अख्खी निघते, पण व्हिडिओतला माणूस घाईत नव्हता आणि त्याच्या डोक्याशी उभं राहून कोणी जेवायला हाका मारत नव्हतं.

तुकडे चिकटवले. त्यासोबत माझी दोन बोटंही. ही गरम पाण्याचं पातेलं घेऊन आली, समोर ठेवलं, आणि एक शब्द न बोलता गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, रविवार
मोठी प्रगती. जुना स्टिरिओ बाहेर! मागे वायरींचं जंगल आहे. नव्या स्क्रीनच्या वायरींचे रंग जुन्या वायरींच्या रंगांशी जुळत नाहीत. पिवळीला पिवळी नाहीच. जवळची म्हणून नारिंगी धरली.

कन्या आवारात खुर्ची टाकून बसली होती. पोटाचं टेबल करून त्यावर मॅन्युअल ठेवलं होतं आणि मला वाचून दाखवत होती. मध्येच म्हणाली, बाबा, बॅटरीची वायर आधी काढायची असं पहिल्याच ओळीत लिहिलंय, तुम्ही काढलीत ना? मी म्हटलं, अर्थात. आणि मग पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून बॉनेट उघडून काढली.

१ फेब्रुवारी, रविवार
स्क्रीन लागला!! म्हणजे उजेड आला. हिला आणि कन्येला बोलावून दाखवला. नकाशावर आमची गाडी समुद्रात होती. किनाऱ्यापासून बरीच आत. कन्या इतकी हसली की हिने तिला खाली बसवलं.

किरकोळ कामं बाकी:
आवाज येत नाही. या गाडीत आवाज डिकीतल्या एका डब्यातून फिरून येतो, हे मॅन्युअलच्या शेवटून दुसऱ्या पानावर आहे. अशा गोष्टी कव्हरवर छापाव्यात.
रिव्हर्स टाकला की वायपर सुरू होतात. मागे जाताना काच स्वच्छ असलेली चांगलीच. फक्त ती पुढची आहे.
वाटीभर स्क्रू उरले. कंपन्या जास्तीचे देतातच.

८ फेब्रुवारी, रविवार
सगळं पुन्हा उघडलं. या वेळी पद्धतशीर. खालचं पॅनेल काढायला गिअरचा दांडा मागे ओढावा लागतो. गाडी ऑटोमॅटिक, दांडा पार्किंगवर. आधी बॅटरीची वायर काढली (या वेळी आठवणीने). तर दांडा जागचा हलेना; वीज नसली की तो तिथेच अडकतो. गाडी आहे तिथे गच्च. ढकलूनही पाहिलं. आलिशान गाड्या वजनदार असतात.

शेजारचे वकील आपली गाडी आमच्या गाडीच्या मागे, भिंतीच्या बाजूला लावतात. त्यांनी गॅलरीतून विचारलं, आमची गाडी आत कोंडली गेली, ती कधी निघणार? मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत. कोणत्या दिवशीच्या ते त्यांनी विचारलं नाही. वकील असून.

११ फेब्रुवारी
बॅटरीची वायर परत लावायची तर आधी नारिंगीचं काय ते ठरायला हवं. परवा लावून पाहिली तर ठिणगी उडाली होती. घाई नाही. तारखेला अजून दोन आठवडे आहेत, आणि पहिलं बाळ उशिरा येतं असं सगळेच म्हणतात.

१२ फेब्रुवारी
पहिलं बाळ उशिरा येत नाही.

दुपारी ऑफिसात हिचा फोन. कळा सुरू झाल्यात, या. आलो. गाडीकडे पाहिलं. ड्रायव्हरच्या सीटवर अर्धा डॅशबोर्ड ठेवलेला. ही कन्येला धरून पायऱ्या उतरत होती. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि कन्येला घेऊन गेटकडे वळली. वकील धावत खाली आले, म्हणाले, माझी घ्या, आणि चाव्या हातात घेतल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

कोपऱ्यापर्यंत चालत जावं लागलं. एका बाजूने ही, एका बाजूने मी, वकील पुढे टॅक्सी थांबवायला. कळ आली की कन्या माझा हात असा दाबायची की बोटं मोडतील वाटे. मी म्हटलं, बाळा, चुकलं माझं. ती कण्हत म्हणाली, बाबा, बोलू नका, मला हसू आलं की जास्त दुखतं.

टॅक्सीवाल्याला रस्ता माहीत होता.

१३ फेब्रुवारी
पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तिला काचेतून पाहिलं. मूठ आवळलेली, कपाळावर आठी, अगदी हिच्यासारखी. वकिलांना फोन केला. ते गहिवरले. मग म्हणाले, अभिनंदन, आणि माझी गाडी?

१५ फेब्रुवारी, रविवार
वकिलांनीच एक मेकॅनिक आणला. तो वाकून आत बघत राहिला, मग विचारलं, हे कोणी केलं? मी म्हटलं, आधीच्या मालकाने.

इथे माझं चुकलं. तो हातातलं काम टाकून आधीच्या मालकाला शिव्या घालत बसला. अशा माणसाच्या हाती पाना देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असलं बरंच काही. मला मान डोलवावी लागली. वकीलही फार मनापासून डोलवत होते. शेवटी त्याने वायरी वेगळ्या करून बॅटरी जोडली, दांडा हलला, वकिलांची गाडी सुटली. स्क्रीनही बसवून देतो म्हणाला. मी नाही म्हटलं. आता थोडंच राहिलंय.

१६ फेब्रुवारी
बाळ घरी आलं. जावईबापू पोचलेत, त्यांनीच टॅक्सीने आणलं. टॅक्सीत मावलो असतो, पण घरी कोणीतरी दार उघडायला हवंच. मी उघडलं.

१ मार्च, रविवार
खोक्याच्या तळाशी, थर्माकोलखाली, एक छोटी काळी चकती सापडली. हा अँटेना. तो लावला आणि आमची गाडी समुद्रातून थेट आमच्या आवारात आली! वायपर गप्प. आवाजही आला, डिकीतल्या डब्याला वळसा घालून. फक्त मागच्या डाव्या स्पीकरमधून येतो, पण खणखणीत येतो. पट्टीची भेग पेन्सिलसारखी बारीक दिसते. उन्हात पाहू नये.

ही पाहायला आली. म्हणाली, झालं का? या प्रश्नात कौतुक होतं असं मला वाटतं.

२८ मार्च
आज बाळाची लस. जावईबापू परत गेलेत, त्यामुळे मीच नेणार, माझ्याच गाडीतून. सकाळीच गाडी धुतली. हॉस्पिटलचं नाव टाकलं, निळी रेघ उमटली. मागे उजवीकडे ही, डावीकडे कन्या, कन्येच्या मांडीवर बाळ, नुकतंच झोपलेलं.

गेटमधून बाहेर पडलो आणि मागच्या डाव्या स्पीकरमधून एक बाई ओरडली की उजवीकडे वळा. बाळ असं दचकलं की बाजारापर्यंत रडायचं थांबलं नाही. दोघींनी आवाज बंद करायला लावला. हरकत नाही, निळी रेघ होतीच. मग कन्या म्हणाली, बाबा, उजेड बाळाच्या डोळ्यांवर येतोय, स्क्रीन बंद होतो का? होत नाही. बटण जोडायचं राहिलंय. हिने पिशवीतून एक दुपटं काढून पुढे दिलं. सिग्नलला थांबल्यावर स्क्रीनवर टाकलं. गुलाबी, त्यावर बदकं.

हॉस्पिटल सापडलं. बाजाराच्या पलीकडेच आहे.

लस घेऊन परतताना बाळ रडून रडून झोपलं. आवारात पोचलो, पण उतरवलं तर जागं होईल, म्हणून तसेच बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मी अगदी हळू आवाजात विचारलं, नुसतं बघायला, आपण कुठे आहोत असं ते दाखवतंय, दुपटं जरासं उचलू का?

दोघी एकदम नाही म्हणाल्या.