बाईंना ट्यूबखाली बसवलं

१७ जुलै १९९६, बसवनगुडी

आज सूड घेतला. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, मुक्ताला शाळेतून काढणाऱ्या मुख्याध्यापिका शाळेच्या नव्या इमारतीचा मी काढलेला आराखडा पाहायला आमच्या ऑफिसात आल्या. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मुद्दाम त्यांना मागच्या खोलीत बसवलं. तिथली ट्यूबलाइट सारखी गुणगुणते. अर्धा तास ताटकळत ठेवलं. क्षुद्रपणा आहे, ठाऊक आहे मला.

आत गेले तेव्हा त्या कपाळ दाबत होत्या. कानडी मिसळत म्हणाल्या, "स्वल्प, जरा ती ट्यूब बंद करा, डोकं उठलंय."

"अशाच ट्यूबखाली माझी मुक्ता कान झाकून रडायची. तुम्ही तिला हट्टी म्हणालात."

 ट्यूब मी बंद केली नाही. आराखडा पुढे सरकवला. वर्गांत साधे पिवळे दिवे, जाड भिंती आणि प्रत्येक मजल्यावर एक शांत खोली.

"ही खोली कशाला?"

"मुक्तासारख्यांसाठी, ज्यांना असा आवाज सोसत नाही. ती खोडलीत तर माझी सही मिळणार नाही."

"सरी, ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग विचारलं, "मुलगी आता कुठे शिकते?"

"घरीच. तुमच्यानंतर कुठल्याच शाळेने घेतलं नाही."

त्या बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मला दया यायला हवी होती का? आली नाही.